पाळणा थांबला की बाळ जागं का होतं?

मे महिन्यातली रात्र, इंदूरच्या सुदामानगरमधलं एक घर. खिडकीत कूलर घरघरतोय आणि आठ महिन्यांचं बाळ निवांत झोपलंय. पावणेदोनला लाइट जाते, कूलर थांबतो आणि मिनिटभरात बाळ रडत उठतं. आजी म्हणते, "उकडलं गं त्याला." पण एका मिनिटात खोली तापत नाही. बाळ ज्या घरघरीत झोपी गेलं होतं, ती घरघर नाहीशी झाली. झोप हलकी असताना त्याला हा बदल जाणवला आणि ते पूर्ण जागं झालं.

पाळण्याचंही असंच होतं. बाळ झोके घेत डोळे मिटतं, तासाभराने झोप पातळ होते, तेव्हा पाळणा स्थिर असतो. आईच्या कुशीत दूध पिता पिता झोपलेलं बाळ मध्यरात्री जागं होतं, तेव्हा तोंडात दूध नसतं. निजताना जे होतं ते आता नाही, म्हणून ते रडून मागतं. बाळ हट्टी नाही आणि आईचंही काही चुकलेलं नाही. रात्रीतून चार-पाचदा झोप पातळ होणं हे सगळ्यांच्याच झोपेत असतं. आपण कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि सकाळी आपल्याला काही आठवत नाही. बाळाला हे हळूहळू शिकावं लागतं. शिकवायचं कधी आणि कसं, आणि त्याआधी कोणत्या गोष्टी बघायच्या, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

झोपेचे फेरे

मोठ्या माणसाच्या झोपेचा एक फेरा साधारण 90 मिनिटांचा असतो. नवजात बाळाचा फेरा 50 ते 60 मिनिटांतच संपतो आणि त्यातला जवळजवळ अर्धा वेळ झोप हलकी असते. या हलक्या झोपेत पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, श्वास कधी भरभर तर कधी संथ चालतो. बाळ कण्हतं, हात झटकतं, मध्येच हसतं. आपल्याकडे म्हणतात, सटवाई हसवतेय. या वेळी बाळ जागं नसतं. पण कण्हण्याचा आवाज आला की आई घाईने उचलते, लाइट लावते, आणि झोपेतलं बाळ खरोखर जागं होतं. म्हणून आवाज आला की आधी एक-दोन मिनिटं नुसतं बघावं. डोळे मिटलेले असतील आणि रडणं चढत नसेल तर हात लावू नये. बऱ्याचदा ते आपोआप शांत होतं.

पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या झोपेची सुरुवातच हलक्या झोपेने होते. त्यामुळे डोळे मिटले म्हणून लगेच खाली ठेवलं की ते टक्क डोळे उघडतं. मांडीवर निजवत असाल तर 15 ते 20 मिनिटं थांबा. श्वास एका लयीत येतो, मूठ सैल होते. हात अलगद उचलून सोडला आणि तो कापडासारखा लोळला की झोप खोल गेली समजा. ठेवताना आधी ढुंगण टेकवा, मग पाठ आणि शेवटी डोकं. डोकं आधी टेकलं तर बाळाला पडल्याचा भास होतो आणि ते दचकून हात फेकतं.

तीन-चार महिन्यांच्या सुमारास मेंदू बदलतो. झोप आता मोठ्यांसारखी शांत टप्प्यापासून सुरू होते आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी जाग जास्त स्पष्ट येऊ लागते. "आधी इतकं छान झोपायचं, आता दर दोन तासांनी उठतं," ही चौथ्या महिन्यातली तक्रार इथून येते. नजर, दात, पोट असं काहीही बिघडलेलं नसतं. झोपेची घडण बदललेली असते आणि ती पुन्हा मागे जात नाही.

दिवस कुठला आणि रात्र कुठली

पोटात असताना बाळाला आईच्या रक्तातून मेलाटोनिन मिळतं. अंधार पडल्यावर शरीराला झोपेची खूण देणारा हा संप्रेरक आहे. जन्मानंतर ही रसद तुटते आणि बाळाची स्वतःची लय बसायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर त्याने रात्री दोनला खेळणं आणि दुपारभर झोपणं स्वाभाविक आहे. मात्र ही लय बसवतो तो उजेड, आणि नेमका तोच आपल्या बाळंतिणीच्या खोलीत कमी असतो. सव्वा महिना खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दिवसरात्र एकच झिरोचा बल्ब. वारा लागू नये हा हेतू चांगला आहे, पण काच लावूनही पडदा उघडता येतो.

सकाळी सात वाजता, बाळ झोपलेलं असलं तरी, पडदा बाजूला करा. दिवसाचं दूध उजेडात, बोलत, घरच्या कुकरच्या शिट्ट्या आणि भांड्यांच्या आवाजात पाजा. ऊन थेट तोंडावर नको, खिडकीजवळचा उजेड पुरतो. दिवसा सलग झोप तीन तासांच्या पुढे गेली तर दुधासाठी उठवा. संध्याकाळी सातनंतर ट्यूबलाइट बंद करून पिवळा मंद दिवा ठेवा. रात्रीचं दूध मंद उजेडात, न बोलता, डोळ्यांत डोळे घालून न खेळवता पाजा. रात्रीच्या अंगावरच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतं. नोकरीवर जाणाऱ्या आया दूध काढून ठेवतात, त्यांनी बाटलीवर वेळ लिहावी आणि रात्रीचं दूध शक्यतो रात्रीच द्यावं.

किती झोप, कोणत्या वेळी

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेले आकडे असे: पहिल्या तीन महिन्यांत चोवीस तासांत 14 ते 17 तास, 4 ते 11 महिन्यांत 12 ते 16 तास, आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला 11 ते 14 तास. दिवसाच्या डुलक्या यात धरलेल्या आहेत. शेजारचं बाळ 16 तास झोपतं आणि आपलं साडेबारा, तरी दोन्ही बाळं ठणठणीत असू शकतात. वजन वाढतंय आणि जागेपणी बाळ टवटवीत आहे, हे बघा.

तासांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे बाळ सलग किती वेळ जागं राहू शकतं. पहिल्या महिन्यात ते पाऊण ते एक तासच असतं, तेही दूध पिण्याचा वेळ धरून. तिसऱ्या महिन्यात सुमारे दीड तास, सहाव्यात सव्वादोन ते अडीच, नवव्यात तीनच्या आसपास, वर्षाच्या बाळाला साडेतीन ते चार. हे ठोकताळे आहेत, घड्याळाला बांधून घेऊ नका. बाळ स्वतः खुणा देतं: भिंतीकडे टक लावून बघतं, खेळण्यावरून नजर काढतं, भुवया लालसर होतात, जांभई देतं, कान ओढतं. टक लावणं ही पहिली खूण आणि निजवायची खरी वेळ तीच. डोळे चोळून रडायला लागलं म्हणजे वेळ टळली. मग शरीर थकव्याशी झगडायला उत्तेजित होतं आणि बाळ दमलेलं असूनही झोपत नाही. "जास्त वेळ जागं ठेवलं की रात्री गाढ झोपेल" हा हिशेब म्हणूनच उलटा पडतो.

सहा-सात महिन्यांच्या बाळाचा दिवस ढोबळमानाने असा बसतो. साडेसहाला जाग. साडेसात-आठला मालीश आणि अंघोळ. मालीश दूध पाजल्यावर लगेच नको, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, आणि नाका-कानात तेल घालू देऊ नका. ते फुफ्फुसात उतरून न्युमोनिया होऊ शकतो. पावणेनऊच्या सुमारास दीड तासाची झोप, साडेबाराला दुसरी तशीच, सव्वाचारला अर्ध्या-पाऊण तासाची छोटी डुलकी. पाचनंतर डुलकी नको. पावणेआठला रात्रीची झोप. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास संध्याकाळची डुलकी गळते आणि दीड वर्षापर्यंत दिवसाची एकच झोप उरते.

पावणेआठ वाचून इंदूरकर हसतील, कारण आपल्या शहराची संध्याकाळच तेव्हा सुरू होते. सराफा बाजार तर सोन्याची दुकानं बंद झाल्यावर खाऊच्या दुकानांनी जागा होतो. राजवाड्याकडे दुकान असलेले बाबा साडेनऊला घरी येतात, जेवणं दहाला, आणि त्यांना बाळाशी खेळायचं असतं. ही ओढ खरी आहे, तिला नावं ठेवू नयेत. पण साडेनऊला उठवून उंच उडवलेलं बाळ अकराशिवाय पुन्हा झोपत नाही, आणि सकाळी उजेड, कामवाली, दुधवाला यांमुळे साडेसहालाच उठतं. दीड-दोन तास झोप कायमची जाते. 2010 साली सतरा देश-प्रदेशांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास झाला, त्यात भारतही होता. त्यात आशियाई देशांतली बाळं उशिरा झोपतात आणि एकूण कमी झोपतात, हेच दिसलं. त्यावर एक तोडगा चालतो: सकाळचा पहिला तास बाबांचा. साडेसहा ते साडेसात बाळ बाबांकडे, आईला तेवढी झोप मिळते. बाळ मुळातच अकराला झोपत असेल तर एका रात्रीत आठवर आणू नका. दर दोन-तीन दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे घ्या, आणि सकाळची उठायची वेळही तितकीच अलीकडे आणा.

जागा: इथे तडजोड नाही

बाळाला प्रत्येक झोपेसाठी उताणं ठेवा, दिवसाही आणि रात्रीही. कुशीवर नको, कारण कुशीवरचं बाळ सहज पालथं होतं. अमेरिकेत 1994 साली बाळाला उताणं निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. घरोघरी विचारतात, उताणं ठेवलं तर दूध उलटून घशात अडकणार नाही का? शरीराची रचना बघा. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला येते. वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायला त्याला चढावं लागेल. पालथ्या बाळात हेच उलटं होतं, श्वासनलिका खाली येते. बाळ स्वतः दोन्हीकडे पलटायला शिकलं की रात्री उठून त्याला सरळ करत बसायची गरज नाही. निजवताना उताणं ठेवलं म्हणजे पुरे.

अंथरूण घट्ट आणि सपाट हवं. पिंजाऱ्याकडून नुकतीच भरून आणलेली कापसाची गादी मऊ आणि फुगीर असते, ती बाळाला नको. तळहाताने दाबून हात उचला. खड्डा राहिला तर ती गादी बाळासाठी मऊ आहे. वापरून बसलेली पातळ गादी आणि तिच्यावर ताणून खोचलेली चादर, एवढंच हवं. उशी, लोड, मऊ खेळणी, जाड गोधडी काही नको. मोहरीची उशीही नको. डोकं गोल व्हावं म्हणून ती हौसेने शिवतात, पण तिच्यात डोकं रुतून तोंड बाजूच्या फुगवट्याला टेकतं, आणि शिवण उसवली तर दाणे नाका-तोंडात जातात. डोकं चपटं होऊ नये यासाठी रोज बाजू बदला: आज डोकं पाळण्याच्या एका टोकाला, उद्या दुसऱ्या. बाळ उजेडाकडे मान वळवतं, त्यामुळे दाब आपोआप बदलतो. जागेपणी, डोळ्यांसमोर, दिवसातून तीन-चारदा काही मिनिटं पालथं ठेवा.

पाळणा चालेल, पण त्याचा तळ सपाट हवा आणि दोन गजांमधली फट 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. वर टांगलेलं चिमणाळं हाताला लागत नाही ना, ते बघा, आणि बाळ हातांवर उठू लागलं की काढूनच टाका. साडीची झोळी मात्र वेगळी गोष्ट आहे. तिच्यात पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते, आणि लहान बाळाची मऊ श्वासनलिका त्या घडीत दबते. कापड नाकाशी येतं ते वेगळंच. झोळीत शांत करायचं असेल तर कोणीतरी जागं माणूस समोर बसलेलं हवं, आणि बाळ झोपलं की सपाट जागी ठेवायचं. रात्रभर झोळीत नाही. कारसीट आणि बाउन्सर यांनाही हाच नियम.

पहिले सहा महिने तरी बाळ आईच्याच खोलीत, पण वेगळ्या पृष्ठभागावर झोपलेलं सर्वांत सुरक्षित: पलंगाला लागून पाळणा किंवा जमिनीवर शेजारी स्वतंत्र पातळ गादी. आपल्याकडे बहुतेक बाळं आईशेजारीच झोपतात. तसं असेल तर निदान बाळ आईच्या बाजूला असावं, दोन मोठ्यांच्या मध्ये नको. पांघरूण सामायिक नको, भिंत आणि गादीत फट नको. घरात कोणी सिगारेट-बिडी ओढत असेल, झोपणाऱ्यांपैकी कोणी दारू किंवा झोपेचं औषध घेतलं असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा जन्मतः अडीच किलोहून कमी असेल, तर शेजारी झोपवणं टाळाच. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डोळा लागणं याहून धोक्याचं.

माळव्याचं हवामान उन्हाळ्यात चाळिशीपार आणि थंडीत दहाच्या खाली जातं, तेव्हा कपड्यांचा प्रश्न दोन्हीकडून येतो. हातपाय गार लागणं नेहमीचं आहे, त्यावरून ठरवू नका. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवा. घाम असेल तर कपडे जास्त झाले. थंडीत आपल्यापेक्षा एक थर अधिक, पण पायमोजे जोडलेलं झबलं किंवा अंगभर स्वेटर घालून. रजई नको, आणि घरात झोपताना टोपडंही नको, कारण बाळ जास्तीची उष्णता डोक्यावाटे टाकतं आणि टोपडं नाकावर सरकतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नाही. तिच्या वायूला वास नसतो आणि तो सगळ्या घराचा जीव घेऊ शकतो. शेक-धुरीचंही तेच, ओवा-वावडिंगाचा धूर म्हणजे शेवटी धूरच. उन्हाळ्यात पंखा चालू ठेवा, कूलरचा झोत थेट अंगावर नको, एसी 24 ते 26 वर. डासांसाठी कॉइल लावू नका, छत्रीसारखी मच्छरदाणी घ्या. गळ्यातला काळा दोरा आणि वेखंडाचा मणी निजताना काढा. नजरेची काळजी वाटत असेल तर पायात बांधा, सैलसर.

दुपट्यात गुंडाळल्याने पहिल्या दोन-तीन महिन्यांत दचकणं कमी होतं. छातीशी दोन बोटं जातील एवढं सैल ठेवा, आणि पाय बेडकासारखे वाकलेले राहू द्या. पाय सरळ ताणून बांधले की खुब्याचा सांधा निसटू शकतो. बाळ वळायचा प्रयत्न करू लागलं, त्या दिवशी गुंडाळणं बंद.

झोपेसाठी द्यायचं काय? काहीच नाही

जायफळ उगाळून चाटवण्याची सवय अजून बऱ्याच घरांत आहे. जायफळातले घटक मेंदूवर काम करतात, आणि उगाळताना दोन वेढे की दहा, यात मात्रा कोण मोजणार? मोठ्यांनाही जास्त जायफळाने भ्रम होतो, धडधड वाढते. पाच किलोच्या बाळावर तो प्रयोग नको. मध एक वर्षापर्यंत मुळीच नाही, गुटीतही नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन अंग लुळं पडू शकतं. मंदसौर-नीमचचा अफूचा पट्टा आपल्या जवळच आहे, आणि अफूची बारीक गोळी देऊन बाळ निजवण्याची चाल एके काळी मुंबईच्या गिरणी कामगार बायकांतही होती. त्या बायकांपुढे दुसरा मार्ग नव्हता. अफूने बाळ शांत निजत नाही, त्याचा श्वास मंदावतो. सर्दीचं गुंगी आणणारं सिरपही याच कारणाने, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही.

स्वतःच्या स्वतः झोपायला शिकवणं

पाच-सहा महिने पूर्ण झाले, वजन नीट वाढतंय, बाळ आजारी नाही, तेव्हाच हे हाती घ्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय जन्मापासून नव्हे, बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. आणि एक गोष्ट आधीच सांगायला हवी: बाळ दूध पिता पिता झोपतं आणि आईला त्याचा त्रास होत नाही, तर बदलायची काही गरज नाही. हे त्या घरांसाठी आहे, जिथे रात्री सहा-सहा वेळा पाळणा हलवून आईचे खांदे भरून आले आहेत.

सुरुवात रात्रीच्या झोपेपासून करा, दुपारपासून नको. जागेपणी मेंदूत झोपेचा दाब साठत जातो, तो रात्री सर्वांत जास्त असतो. पाऊण तास आधी घर मंद करा. क्रम रोज तोच: कोमट पाण्याने अंग पुसणं, कपडे, दूध, ढेकर, अंगाई, मग झोपायच्या जागी ठेवणं. दूध क्रमाच्या मध्ये हवं, शेवटी नको. म्हणजे दूध आणि झोप यांची गाठ सुटते. मोबाइलवर अंगाई लावायची तर मोबाइल पालथा ठेवा. आईचा बेसूर आवाजही चालतो, बाळाला तो पोटात असल्यापासून ओळखीचा आहे.

पहिल्या तीन रात्री झोका नेहमीसारखा द्या, पण डोळे मिटायच्या आत थांबवा. बाळ पेंगुळलेलं, पण जागं हवं. पाळणा स्थिर, छातीवर हात, हळू थोपटणं. रडलं तर दोन मिनिटं पुन्हा झोका, पुन्हा थांबायचं. पहिल्या रात्री असं दहा-बारा वेळा करावं लागेल. चौथ्या ते सहाव्या रात्री झोक्याचा वेळ निम्मा करा: दहा मिनिटं देत असाल तर पाच. सातव्यापासून झोका नाही, नुसतं थोपटणं आणि अंगाई. दहाव्यापासून थोपटणं थांबवून नुसता हात. पुढे हात काढून शेजारी बसणं. मध्यरात्री उठलं की त्या दिवशी निजवताना जे केलं तेवढंच करायचं, जुना झोका परत आणायचा नाही. बहुतेक बाळं दोन ते तीन आठवड्यांत मार्गी लागतात. जमिनीवरच्या गादीवर झोपणाऱ्या बाळालाही हेच लागू पडतं, झोक्याऐवजी मांडी धरा.

फसतं कुठे? सर्वांत जास्त, तीन माणसांच्या तीन पद्धतींमुळे. आई थोपटते, आजी उचलून फेऱ्या मारते, बाबा बाल्कनीत नेऊन गाड्या दाखवतात. आजीच्या कानांनी रडणं सहन होत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. सुरू करण्याआधी आजींना शेजारी बसवून सगळं सांगा, आणि पहिल्या तीन रात्री कोण उठणार ते ठरवा. दुसरी चूक म्हणजे वीस मिनिटं थोपटून शेवटी कंटाळून झोका देणं. बाळ त्यातून शिकतं की वीस मिनिटं रडलं की झोका मिळतो. जमणार नाही असं वाटलं तर पहिल्याच मिनिटाला उचला आणि ती रात्र सोडून द्या. लसीकरण, ताप किंवा गावाला जाण्याच्या आठवड्यात सुरू करणं ही तिसरी चूक.

थोडं रडल्याने बाळाच्या मनावर कायमचा ओरखडा येईल का, ही भीती खूप आयांना असते. ऑस्ट्रेलियात सात-आठ महिन्यांच्या बाळांच्या पालकांना अशाच पद्धती शिकवल्या आणि त्या मुलांना सहाव्या वर्षी पुन्हा तपासलं. 2012 साली निष्कर्ष आले. या मुलांत आणि इतर मुलांत भावना, वागणूक किंवा आईवडिलांशी जवळीक यांत फरक आढळला नाही. खोलीत शेजारी बसून थोपटणं तर त्यातल्या सौम्य पद्धतींपैकी आहे.

कूलरच्या आवाजाचंही सांगून टाकू. तो आवाज वाईट नाही, बाहेरचे हॉर्न आणि भांड्यांचे खणखणाट तो झाकतो. फक्त तो रात्रभर एकसारखा हवा आणि बाळापासून दोन मीटर तरी लांब. लाइट जाण्याची भीती असेल तर खोलीतला पंखा इन्व्हर्टरवर घ्या, तो थांबला नाही तर पुष्कळ बाळं उठत नाहीत.

रात्रीचं दूध, आणि मध्येच बिघडणारे आठवडे

पहिल्या महिन्यांत चोवीस तासांत 8 ते 12 वेळा दूध लागतं, त्यात रात्रीही आली. जन्माचं वजन परत येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, तीन-चार तासांहून जास्त झोपू देऊ नका, उठवून पाजा. सहा महिन्यांनंतर बऱ्याच बाळांना रात्री एक-दोनदा पुरतं. डायपर दुधाच्या आधी बदला, नंतर बदलला की पेंगुळलेलं बाळ पुन्हा ताजंतवानं होतं. वरचं अन्न सुरू झाल्यावर "रात्री पोट भरलेलं राहावं" म्हणून झोपताना वाटीभर नाचणी सत्त्व कोंबू नका, त्याने झोप लांबत नाही, पोट मात्र दुखतं.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास संध्याकाळचं रडणं टिपेला पोहोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. आठ ते दहा महिन्यांत बाळ रांगतं, धरून उभं राहतं, आणि आई नजरेआड झाली की घाबरतं. पाळण्यात उभं राहून रडतं, कारण बसायचं कसं ते अजून येत नसतं. दिवसा उभं राहून बसण्याचा खेळ खेळवा, रात्रीचा प्रश्न आठवड्यात सुटतो. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या बघायला नेलं, रात्र मोडली, तर काही बिघडत नाही. दुसऱ्या संध्याकाळी नेहमीच्या वेळी नेहमीचा क्रम सुरू करा.

डॉक्टरांकडे कधी

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल, बाळ दुधासाठी उठतच नसेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा. गाडी नसेल तर 108 वर फोन करा. रोज घोरणं, झोपेत श्वास थांबून मग झटका दिल्यासारखा येणं, दिवसात सहापेक्षा कमी लंगोट ओले होणं, हेही दाखवायला हवं. सहा महिन्यांनंतर झोपेत सतत पाय झाडणारं, फिकट दिसणारं बाळ असेल तर रक्तातलं लोह तपासून घ्या, लोह कमी असलं की झोप अस्वस्थ होते.

जाताना तीन दिवसांची नोंद न्या: कधी झोपलं, कधी उठलं, कसं निजवलं, किती वेळा पाजलं. घोरण्याचा किंवा श्वासाचा प्रश्न असेल तर छाती उघडी दिसेल असा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या. दवाखान्यात बाळ जागं असतं, तिथे ते करून दाखवत नाही.